कोण भाऊ बोलतोय?

वसमतच्या मोंढ्यात फोन लावला की पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "बोला भाऊ, कोण बोलतोय?" मी नाव सांगत नाही, गाव सांगते. "हट्ट्याहून. हळकुंडाचा आज काय भाव?" अडत्याला मी पुरुष वाटते आणि मी ते वाटू देते. मराठीत हे सोपं नाही. 'बोलते', 'विचारत होते', 'पाठवलं असतं पण विसरले' असं एखादं क्रियापद तोंडून गेलं की पलीकडं क्षणभर शांतता पसरते. म्हणून मी क्रियापदच गाळून बोलायला शिकले आहे. "पंधरा कट्टे तयार. उद्या सकाळी गाडी. भाव पक्का ना?" आबा म्हणतात, पोरगी तार केल्यासारखी बोलती. पण भाव चांगला लागतो, हेही तेच सांगतात.

हा आवाज माझा जन्माचा नाही. तो 2017 च्या दिवाळीच्या आगेमागे आला, सहा-सात महिन्यांत पक्का झाला आणि ज्या गाठीनं तो आणला ती पोटातून काढून टाकल्यावरही गेला नाही.

माझा जन्म 1999 चा, म्हणजे मी आणि हिंगोली जिल्हा एकाच वर्षाचे. बारावी झाल्यावर वसमतला कॉलेजला जायला लागले. पहिल्या वर्षाला असताना पाळी आधी लांबली, मग थांबलीच. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. रोजचा एसटीचा प्रवास, कॉलेजातल्या मुलींच्या संडासाला कडी नाही. कटकट गेली म्हणून मी दोन महिने कुणाला बोललेच नाही. मग तोंडावर पुटकुळ्या आल्या. मग हनुवटीखाली आणि ओठावर लव दाट झाली. पार्लरवाली ताई दर महिन्याला दोरा फिरवायची, ती दर पंधरा दिवसांनी फिरवायला लागली. केस पुढून विरळ झाले. आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी धूळ, गारठा, हळदीच्या पाल्याची ॲलर्जी अशी कारणं काढली. एके दिवशी हजेरीला मी "येस मॅडम" म्हटलं आणि मॅडमनी मान वर करून मुलांच्या बाकांकडं पाहिलं. वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर मी हजेरीला नुसता हात वर करायला लागले.

आता मागं वळून पाहताना एक गोष्ट सलते. प्रत्येक खूण मी वेगळ्या माणसाकडं नेली. पुटकुळ्या मेडिकलवाल्याकडं, लव पार्लरमध्ये, आवाज आजीच्या काढ्याकडं, पाळी चुलतीकडं. चुलती म्हणाली, "बेसनात हळद कालवून लाव, केस जातेत." आमच्या घरात हळद पोत्यानं असते, काढणीपासून ढोलात पॉलिश होईपर्यंत अंगावर, पाण्यात, भाकरीत, श्वासात हळदच. हळदीनं लव जात असती तर आमच्या गावात कुणा बाप्याला मिशी फुटली नसती. एक खूण मात्र मी कुणाकडंच नेली नाही. शरीराच्या ज्या जागेला आमच्याकडं धड नावही नाही, तिथं झालेला बदल मायलाही सांगता आला नाही. वाटायचं, हे फक्त मलाच झालंय आणि मी काहीतरी केलंय म्हणून झालंय.

डिसेंबरात माय मला एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथं पाच मिनिटांत "पीसीओडी आहे, हल्ली सगळ्या पोरींना असतो" असं सांगून पाळी येण्याच्या गोळ्या मिळाल्या आणि वजन कमी करायला सांगितलं. माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं. त्या डॉक्टरांवर राग धरावा तर तेही फार चुकत होते असं नाही. पाळी लांबलेल्या, लव वाढलेल्या दहा मुली आल्या तर त्यातल्या बहुतेकींना पीसीओडीच असतो. चूक एवढीच झाली की "कधीपासून?" हे त्यांनी विचारलं नाही.

तो प्रश्न मार्चमध्ये नांदेडला एका डॉक्टरबाईंनी विचारला. त्यांनी आधी मायला बाहेर बसवलं. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षीचा फोटो आहे का तुझा?" माझ्या फाइलीत बारावीचं हॉलतिकीट होतं, कॉलेजच्या कागदांसोबत तसंच राहिलेलं. त्यांनी ते हातात धरलं, माझ्याकडं पाहिलं, परत हॉलतिकिटाकडं पाहिलं. एक-सव्वा वर्षाचं अंतर होतं. त्यावर शाळेतली गोल चेहऱ्याची मुलगी होती आणि खुर्चीवर तिचा थोरला भाऊ बसलेला होता.

त्यांनी मला जे समजावून सांगितलं, ते मी आज कुठल्याही मुलीला सांगते. पीसीओडी चोरपावलांनी येतो, वयात येतानाच सुरू होतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. त्यात लव येते, पुटकुळ्या येतात, पण आवाज घोगरा होत नाही. काही महिन्यांत धावत सगळं आलं, त्यात आवाज फुटला, तर शरीरात कुठंतरी पुरुषी संप्रेरकाचा कारखाना सुरू झालाय असं धरून शोधायचं. तो कारखाना दोन ठिकाणी असू शकतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत किंवा अंडाशयात. मग त्यांनी ती न सांगितलेली खूण स्वतःहून विचारली, अगदी ताप आहे का विचारावं तशी. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "हे त्याच संप्रेरकामुळं आहे. तू काही केलेलं नाहीस." मी रडले ते गाठीसाठी नाही, या वाक्यासाठी. गाठ तर अजून सापडायचीच होती.

ती दुपारी सापडली. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात नऊ सेंटिमीटरची गाठ, काही भाग भरीव, काही पाणीदार. रक्तात टेस्टोस्टेरॉन चारशेच्या वर होतं. बाईच्या रक्तात ते साधारण सत्तरच्या आत असतं. दोनशेच्या पुढं गेलं की गाठ शोधायलाच हवी, असं त्या म्हणाल्या. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची तपासणी ठीक आली. कुणीतरी सुचवलं की सुई घालून तुकडा काढून बघा. बाईंनी ठाम नकार दिला. अंडाशयाची गाठ बाहेरून टोचायची नसते; आतलं पोटात सांडलं तर एका जागेवर असलेला आजार पसरायला वाट मिळते. त्यांनी टाटाला जायची चिठ्ठी दिली.

आबांनी त्या रात्री एकच विचारलं, "हळद निम्मी शिजायची राहिली, ती कोण बघंल?" मला तेव्हा फार लागलं. नंतर कळलं, माणसाला जे पेलत नाही त्याच्या शेजारची गोष्ट तो उचलतो. हळद शेजाऱ्यांनी शिजवली. आबांनी कपाटातून केशरी रेशनकार्ड काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांसाठी पुढचे आठ दिवस ती पिशवी त्यांनी काखेतून खाली ठेवली नाही.

झिरो फाट्यावरून परभणी, परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस, सकाळी दादर. टाटा हॉस्पिटल 1941 पासून परळला आहे हे मला तिथल्या पाटीवरून कळलं. मराठवाड्यातली निम्मी माणसं त्याच्या फुटपाथवर आहेत हे डोळ्यांनी दिसलं. चहाच्या टपरीवर माझं बोलणं ऐकून एका आजोबांनी विचारलं, "परभणी का हिंगोली?" आवाज बदलला होता, पण बोलीनं गाव सांगितलंच. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो. तिथं कुणी कुणाला "काय झालं" असं विचारत नाही, "कितवी फेरी" असं विचारतात.

एका तपासणीच्या रांगेत जळगावकडची एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. पोरगा वयाच्या मानानं उंच होता, ओठावर मिसरूड, आणि आवाज दहावीतल्या पोराचा. त्याच्या वृषणात लेडिग पेशींची गाठ होती. मोठ्या पुरुषाला ती झाली तर कधी छाती वाढते, पण लहान मुलाला असं वेळेआधीच वयात आणून सोडते. मुलांमध्ये ती बहुधा साधी निघते, कर्करोगाची नसते, असं त्याच्या आईला सांगितलं होतं. तरी तिचा डोळा पोरावरून हलत नव्हता. तो मला म्हणाला, "तू पोरगा आहेस की पोरगी?" मी म्हटलं, "पोरगी. आणि तू?" तो म्हणाला, "मी पहिलीत आहे." तिथल्या आठवणींमधली ही एकच आठवण मी हसून सांगते.

ऑपरेशनमध्ये गाठ न फुटता अख्खी निघाली. टेबलावर असतानाच गाठीचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यावरून उजवं अंडाशय आणि नळी एवढंच काढायचं ठरलं. डावं अंडाशय, गर्भाशय तसंच ठेवलं. बारा दिवसांनी पूर्ण अहवाल आला. अंडाशयाची सर्टोली-लेडिग पेशींची गाठ, मध्यम प्रतीची, अंडाशयापुरतीच मर्यादित. या गाठी अंडाशयाच्या दोनशे गाठींमध्ये एकही सापडत नाही इतक्या दुर्मीळ, आणि जास्त करून तरुण मुलींनाच होतात. त्यातल्याही सगळ्याच पुरुषी संप्रेरक तयार करत नाहीत. माझी करत होती, म्हणूनच ती पकडली गेली. न करणारी असती तर पोट फुगेपर्यंत कळलं नसतं.

हे सर्टोली आणि लेडिग कोण, असं मी विचारलं. डॉक्टर तरुण होत्या, त्यांना आवडलं. लेडिग जर्मन, त्यांनी 1850 मध्ये वृषणातल्या एका जातीच्या पेशी पहिल्यांदा नोंदवल्या; सर्टोली इटलीचे, त्यांनी 1865 मध्ये दुसऱ्या. दोघांनीही पाहिल्या त्या पुरुषाच्या शरीरात. मग त्या पेशी हट्ट्याच्या पोरीच्या अंडाशयात कुठून आल्या? त्यांनी माझ्याच फाइलीच्या पाठीवर चित्र काढलं. गर्भ पहिल्या सहा आठवड्यांपर्यंत मुलगा-मुलगी काहीच ठरवत नाही; अंडाशय आणि वृषण दोन्ही एकाच वळकटीतून घडतात. पुढं एक जनुक ढकलतं तिकडं ती जाते. अंडाशय झालं तरी त्या जुन्या वाटेची ओळख पेशींमध्ये कुठंतरी शिल्लक असते. क्वचित एखादी पेशी बिघडते आणि ती वाट धरते. मला ते ऐकून विचित्र बरं वाटलं. माझ्यात कुणी परकं शिरलेलं नव्हतं.

केमोथेरपी द्यायची की नाही यावर डॉक्टरांची बैठक झाली. गाठ न फुटता निघाली होती, पसरलेली नव्हती, पेशींची प्रत सर्वांत वाईट नव्हती. म्हणून नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, कारण परत यायची असली तर ती बहुधा पहिल्या काही वर्षांतच येते. माझ्या गाठीची एक सोय होती: ती स्वतःची वर्दी रक्तातून देत होती. टेस्टोस्टेरॉन वाढलं की समजायचं. ऑपरेशननंतर ते पस्तीसवर आलं. सहाव्या आठवड्यात पाळी आली आणि माय धर्मशाळेच्या जिन्यात बसून रडली. पाळी आली म्हणून आईला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी आमच्याकडं तेव्हा बाजूला बसवतात.

पुटकुळ्या गेल्या. केस पुढून भरून आले. लव कमी झाली, पूर्ण गेली नाही. एकदा जाड झालेलं मूळ सहज पातळ होत नाही. आवाज तर अजिबात बदलला नाही. स्वरतंतू जाड झाले ते झाले. मुलाचा फुटलेला आवाज परत मऊ होत नाही, तसंच. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण मी गावी आल्यावर एका दुपारी जुन्या बारवेत उतरून पाहिलंच. लहानपणी तिथं पायऱ्यांवरून ओरडायचो, आवाज दगडांना लागून परत यायचा. मी माझंच नाव घेतलं. खालून एका माणसानं मला हाक मारली.

गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, मला कॅन्सर झाला होता; दुसरी, माझं "सगळं काढून टाकलंय". पहिली खरी होती आणि लोक ती दबक्या आवाजात बोलत. दुसरी खोटी होती आणि ती मोठ्यानं बोलत. एक अंडाशय पाळीला आणि लेकरांना पुरतं, हे माय किती घरी सांगत फिरली असेल! स्थळाच्या गोष्टी मी इथं लिहीत नाही. मोबाइलवर हळद-दुधाचे निरोप मात्र अजून येतात. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत संशोधन झालं आहे, हे मला माहीत आहे. पण हळदीनं माझी गाठ विरघळायची असती, तर ती पेरणाऱ्या घरात धरलीच नसती.

2018 च्या ऑक्टोबरच्या फेरीला मला जनुकांच्या ओपीडीत पाठवलं. मी समजले, आणखी एक रक्त. तिथल्या बाईंनी मात्र कोरा कागद काढला आणि मायला समोर बसवलं. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे बाप्या. आजी, आजोबा, मामा, मावश्या, थोरली ताई, मी. माझा गोल त्यांनी काळा केला. मग विचारलं, "घरात कुणाला गळ्याला गाठ, गलगंड?"

मायनं मंगळसूत्राची पोत थोडी वर सरकवली. खाली आडवा व्रण होता. मी आठ वर्षांची असताना तिचं गलगंडाचं ऑपरेशन झालं होतं. मिठात आयोडीन नव्हतं म्हणून झालं, असं आमच्या घरात सगळ्यांना पक्कं माहीत होतं. तिच्या आईचाही गळा सुजलेला असायचा. बाईंनी दोन्ही गोलांवर खूण केली आणि डायसर-वन नावाच्या जनुकाबद्दल सांगितलं. त्यात जन्मजात बिघाड असेल तर सर्टोली-लेडिगची गाठ होऊ शकते, आणि ज्या बायकांमध्ये तो असतो त्यांच्यापैकी बहुतेकींना चाळिशीपर्यंत थायरॉइडच्या गाठी दिसतात. आईबापांपैकी एकाकडं असेल तर प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी, दर लेकरामागं नव्यानं.

"एकूण बाळंतपणं किती?" त्यांनी मायला विचारलं.

"तीन," माय म्हणाली. आम्ही दोघी बहिणीच आहोत. मधला भाऊ तीन वर्षांचा होऊन गेला, मी पोटात असताना. त्याचं नाव घरात घेत नाहीत. त्याला धाप लागायची, ताप यायचा, न्यूमोनिया म्हणून सलाइन लावलं आणि चौथ्या दिवशी गेला. एवढंच मला ठाऊक होतं. बाईंनी चौकोन काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. मग अगदी सावकाश बोलल्या. याच बिघाडातून लहान वयात फुप्फुसात एक गाठ होऊ शकते. ती न्यूमोनियासारखीच दिसते. पण तुमच्या मुलाला तीच होती, असं आता म्हणता येणार नाही. तेव्हाचा फोटो नाही, कागद नाही.

माय बराच वेळ त्या रेघेकडं पाहत राहिली. "मंजी," ती म्हणाली, "ते गारठ्यानं नव्हतं?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कापूस वेचायला ती त्याला पाठीशी बांधून पहाटे ओल्या रानात घेऊन गेली होती, आणि आजीनं ते वाक्य तिला आयुष्यभर ऐकवलं होतं: लेकरू गारठ्यानं गेलं. एकोणीस वर्षं ती ते उरावर घेऊन आमच्या भाकरी थापत होती. बाई म्हणाल्या, "ते सांगता येत नाही, माय. पण गारठ्यानं न्यूमोनिया होत नसतो, हे सांगता येतं." मायनं पदर तोंडाला लावला आणि नुसती मान हलवली.

माझा अहवाल आला, बिघाड आहे. मायचाही आला, आहे. म्हणून माझ्या गळ्याची सोनोग्राफी ठरल्या वेळी होते. आतापर्यंत दोन बारीक गाठी दिसल्या आहेत, निरुपद्रवी. ताईनं मात्र रक्त द्यायला वर्ष लावलं. तिला तीन वर्षांची मुलगी होती. "निघालं तर पोरीचं काय?" असं ती विचारायची, आणि ते बरोबरच होतं. तिच्यात निघालं असतं तर भाचीचंही रक्त, मग लहानपणी छातीची तपासणी, सगळंच. सासरी काय सांगायचं हेही होतंच. शेवटी दिवाळीला आली आणि रक्त देऊन गेली.

2020 च्या फेब्रुवारीत, हळद शिजवणं चालू असताना तिचा फोन आला. कढईवर गोणपाट झाकलेलं, वाफेत सगळं पिवळं. मी "हॅलो" म्हटलं. ताई म्हणाली, "आबा, तिला द्या जरा."

"मीच हाय," मी म्हटलं.

ताईला बिघाड नव्हता. म्हणजे भाचीलाही ताईकडून मिळायचा प्रश्न नव्हता. मी आबांना ओरडून सांगितलं. त्यांनी गड्डे फोडायचं थांबवलं नाही, पण टोपी काढून परत नीट घातली. माय कढईखाली लाकडं सारत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि परत सांगितलं, नाही निघालं, ताईत नाही, छकुलीत नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. एक लाकूड आत सारलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आन् त्याचं?"

मी म्हटलं, "त्याचं कळत नाही, माय."

तिनं दुसरं लाकूड घेतलं.